हिमालयाला घाम फोडणारा कोट

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या भाऊ, मग मला मध्ये थांबवू नका. कारण मी थांबलो की सुमन आतून उरलेलं सांगायला लागते, आणि तिच्या तोंडून ऐकलंत तर माझी होती नव्हती ती अब्रूही जाईल.

घ्या, चहा घ्या. साखर कमी वाटली तरी तशीच प्या. मागायची तर आत जावं लागेल, आणि आत सुमन आहे.

तर तेव्हा मी अमळनेरला कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. ग्रेडर म्हणजे काय? शेतकऱ्याच्या बैलगाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, मूठभर कापूस बाहेर काढायचा, धागा ओढून बघायचा आणि चेहरा गंभीर करून दर्जा सांगायचा. एवढंच काम. पण सीझनमध्ये रुबाब असा, की तहसीलदार रस्त्याने गेला तर लोक बसून राहायचे आणि मी गेलो तर उठून उभे राहायचे! आता डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं?

लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सुमन धुळ्याची, शाळेत मास्तरीण. तिच्या माहेरी भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं, त्यावर बर्फाचा डोंगर. वर्षं उलटली तरी तिने ते कुणाला काढू दिलं नव्हतं. मुलगी बघायला गेलो तेव्हा तिने मला एकच प्रश्न विचारला.

“तुम्ही बर्फ बघितलाय?”

“रोज बघतो,” मी म्हटलं. “रसवंतीवर.”

ती हसली, लग्न ठरलं. पण तो बर्फ काही तिच्या डोक्यातून गेला नाही. एक दिवस तिने पेपरातली जाहिरात माझ्यापुढे ठेवली. मे महिन्यात हिमाचलात पायी मोहीम, साध्या माणसांसाठी, आणि शेवटी बर्फातली एक उंच खिंड. मी म्हटलं, “जाऊ या.” म्हणायला काय लागतं?

आम्ही जाणार हे धुळ्याला कळलं आणि सासऱ्यांनी बोलावून घेतलं. त्यांना सगळे नाना म्हणतात. आवाज असा, की हळू बोलले तरी गोठ्यातली म्हैस दचकते.

“भास्करराव, आमच्या घरात आजवर कुणी सप्तशृंगीच्या पुढे डोंगर चढलं नाही. पोर तुमच्या भरवशावर पाठवतोय. वर न्याल ना तिला?”

“नाना, खिंडीवर नेऊन उभी करतो! शब्द दिला.”

शब्द दिला, तोही सगळ्या सासरवाडीसमोर. मेहुणे, मेहुण्या, चुलत सासरे, झाडून सगळे हजर होते. सुमन माझ्याकडे अशी बघत होती, की मला तेव्हाच खिंड चढल्यासारखं वाटलं.

आता तयारी. अमळनेरच्या बाजारात गेलो, ओळखीच्या दुकानात स्वेटर मागितला. शेटजीने पंखा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, “मे महिन्यात? तब्येत बरी आहे ना?”

सुमन तिकडे धुळ्याला जाऊन तिच्या भावाकडून एनसीसीचं सामान घेऊन आली. लोकरीचे स्वेटर, मोजे, माकडटोपी, वरून घालायला पिवळा प्लास्टिकचा रेनकोट. दोघांचं आणलं होतं बरं का, माझंही. मी ते स्वेटर दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवले.

“मी लोकर घालू? मेंढीच्या अंगावरचे केस? अगं, आपण कापसाच्या गावची माणसं! उद्या गावात कळलं की ग्रेडरने लोकर घातली, तर शेतकरी मला गाडीत हात घालू देतील का?”

“देतील,” सुमन म्हणाली. “त्यांना काय करायचंय?”

“आणि हा रेनकोट कशाला? मे महिन्यात पाऊस पडतो का कुठे? पावसालाही काही रीत असते!”

हसू नका. तुम्हीच सांगा, आपल्याकडे मे महिन्यात आभाळात ढग बघितलाय कधी? आपल्याकडे नाही, म्हणजे जगात नाही. आम्ही खान्देशी माणसं, आमचा हिशेब सरळ.

मग मी गेलो रहीमभाई पिंजाऱ्याकडे. रहीमभाई म्हणजे गावातल्या सगळ्या गाद्या-रजया भरणारा माणूस. त्याला म्हटलं, मामांच्या शेतातली लांब धाग्याची एक नंबर रुई आणतो, मला कोट भरून दे. रहीमभाईला एवढं मोठं काम आयुष्यात आलं नव्हतं. त्याने कापूस पिंजायची धनुकली खाली ठेवली, हात झटकले.

“भास्करभाऊ, फिकर नको करू! असा कोट भरतो, का हिमालयाला घाम फुटला पाहिजे!”

आणि भरला की हो त्याने! वरचं कापड रजईचंच होतं, तेवढंच शिल्लक होतं. लाल रंग, त्यावर परातीएवढाली पिवळी फुलं. थोडी रुई उरली म्हणून विजार भरली. विजारीतून उरली म्हणून टोपी भरली. टोपीतून उरली म्हणून हातमोजे भरले, आणि ते घातल्यावर माझे हात मला स्वतःला उचलेनात. रहीमभाईने ते सगळं माझ्या अंगावर चढवलं, मागे सरकून बघितलं आणि म्हणाला, “आता फक्त झोपायचं बाकी आहे.”

पण कोट नुसता शिवून चालतो का? चाचणी नको? हातात घेतलेलं काम मी तपासल्याशिवाय सोडत नाही.

आता चाचणी कुठे घेणार? मी ऐन दुपारी, अंगावर तो कोट, विजार, टोपी, मोजे घालून आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, जाऊन उभा राहिलो. ऊन असं, की खाली रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. बघता बघता गल्ली गोळा झाली. पोरं झाडावर चढली. आमची अक्का, म्हणजे माझी आई, अंगणात येऊन वर बघायला लागली.

“काय रे भो, उन्हामा रजई पांघरीसन हुबा शे? येडा व्हयना का काय? बठ्ठी गल्ली देखी राह्यनी ना! खाले उतर आधी!”

“अक्का, चाचणी चालू आहे!”

थोड्या वेळाने मला अक्का दोन दिसायला लागल्या. मग तीन. मग धाबं फिरायला लागलं. लोकांनी मला उचलून खाली आणलं, कोट काढला, तर आतून असं पाणी निघालं, जशी तुंबलेली मोरी मोकळी झाली. अक्काने कांदा नाकाला लावला, पन्हं पाजलं. मी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोललो, “कोट पास!”

गल्लीने टाळ्या वाजवल्या! खरंच वाजवल्या. रहीमभाईच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांचं एकमत झालं, की जो कोट अमळनेरात एवढी गरमी देतो, तो हिमालयात काय करेल!

सुमन ओट्यावर बसून पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, तिथे ऊन नसतं.”

“म्हणून तर कोट!” मी म्हटलं. या उत्तरावर तिने पुढचा पेपर ओढला. मला वाटलं, पटलं.

कोट बॅगेत मावेना. होल्डॉलमध्ये मावेना. शेवटी अक्काच्या जुन्या लुगड्यात त्याचं गाठोडं बांधलं आणि डोक्यावर घेतलं. जळगावला दिल्लीची गाडी पकडली. भोपाळ यायच्या आत डब्यातल्या तीन जणांनी विचारलं, “रजई कैसे दी?” एका बाईने तर गाठोडं सोडून कापड चोळून बघितलं आणि म्हणाली, फूल जरा छोटे चाहिए थे. सुमन खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. मी समजलो, माहेरची आठवण येतेय.

हिमाचलात पहिल्या मुक्कामावर सामान तपासायला नेगीजी नावाचे म्होरके होते. काटक माणूस, बोलणं कमी. त्यांनी सुमनची सॅक बघितली, मान डोलावली. मग माझं गाठोडं सोडलं.

“ये क्या है भाईसाहब? गद्दा?”

“कोट है.”

“किसका?”

मी तो घालून दाखवला. नेगीजींनी माझ्याभोवती एक फेरी मारली. म्हणाले, “इसे नीचे छोड़ दीजिए, हम आपको जैकेट देंगे.”

आता सांगा, असं म्हटल्यावर ग्रेडर गप्प बसेल? मी त्यांना खाली बसवलं. रुई म्हणजे काय, सरकी म्हणजे काय, लांब धागा कोणता, आखूड कोणता, सगळं समजावलं. नेगीजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, का तर मी त्यांची बाही सोडत नव्हतो. मग म्हणाले, “ठीक है. पर आख़िरी कैंप से ऊपर कौन जाएगा, वो मैं तय करूँगा.”

पहिले काही दिवस, काय सांगू, मीच राजा! आभाळ निळं, हवा थंड, आणि बाकीचे लोक संध्याकाळी कुडकुडत असताना मी कोटात घामाघूम. एका बंगाली बाबूंनी हात आत घालून बघितला आणि म्हणाले, “आहा!” पुण्याचे दोघे माझ्या पाठीला पाठ लावून बसायचे. मी फक्त सुमनकडे बघायचो. ती तिच्या मेंढीच्या स्वेटरात निवांत बसलेली असायची.

“बघितलंस? यायचंय का जरा कोटात?”

“नको. मला घाम आवडत नाही.”

शेवटच्या मुक्कामाकडे निघालो त्या दिवशी सकाळी ऊन होतं. दुपारी डोंगराच्या मागून ढग आला. मी त्याच्याकडे बघून सुमनला म्हटलंसुद्धा, “काळजी करू नको, मे महिना आहे.”

आणि पडायला लागला! पाऊस म्हणावं तर पाऊस नाही, बर्फ म्हणावं तर बर्फ नाही, दोन्हीचा काला. सुमनने शांतपणे सॅक उतरवली, पिवळा रेनकोट काढला, अंगात घातला, बटणं लावली. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या सॅकमध्ये दुसरा रेनकोट नव्हता. दुसरा अमळनेरला खुंटीला होता, मी ठेवला तिथेच.

आता माझा धंदा काय होता, सांगितलंय ना तुम्हाला? त्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. सीझनमध्ये एखादा शेतकरी गाडी भरताना कापसावर हळूच पाणी शिंपडतो. कापूस पाणी पितो, वजन वाढतं. ती गाडी पकडायची, याचाच मला पगार मिळायचा! बोटं लागली की मला कळायचं. “भाऊ, गाडी परत न्या, वाळवून आणा,” हे वाक्य मी आयुष्यात जेवढ्या वेळा बोललो असेन, तेवढ्या वेळा देवाचं नाव घेतलं नसेल. आणि तोच मी, अंगावर गादीभर एक नंबर रुई बांधून, हिमालयात पावसात उभा!

रुई खरंच एक नंबर होती. थेंब वाया घालवला नाही. आधी खांदे जड झाले, मग बाह्या लोंबायला लागल्या, मग विजार खाली ओढायला लागली. एक पाऊल टाकलं की कोटातून पचक आवाज यायचा. मागून येणारे पुण्याचे दोघे म्हणाले, “तुम्ही थोडं पुढे चाला ना, शिंतोडे उडतायत.” एका चढावर मी बसलो तो उठेचना. सुमन वरून परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“ग्रेडरसाहेब, दर्जा काय?”

मी बाही दाबली. मनगटापासून कोपरापर्यंत पाणी वाहिलं. सवय वाईट हो! तोंडातून आपोआप निघालं, “ओला आहे. परत न्या.”

ती एवढी हसली, एवढी हसली, की तिलाही खाली बसावं लागलं. मग मला हाताला धरून तिने कॅम्पवर नेलं. शब्द कुणी कुणाला दिला होता, ते आठवतंय ना?

कॅम्पवर तो कोट पिळायला चार माणसं लागली. दिवाळीआधी बोरी नदीवर गोधड्या पिळतात ना, तसा दोन्हीकडून धरून पिळला. तरी काही सुकेना. शेवटी तंबूच्या दोरावर बाह्या पसरून, वर टोपी आणि खाली विजार अडकवून वाळत घातला आणि मी तीन घोंगड्यांत शिरलो.

सकाळी अजून धुकं होतं. खिंडीकडे निघायची वेळ झालेली. बाहेरून नेगीजींचा आवाज आला, आणि पहिल्यांदाच त्या आवाजात कौतुक होतं.

“शाबाश भाईसाहब! आज तो आप सबसे पहले तैयार!”

मी घोंगडीतून डोकं काढलं. मी तर आत आहे. मग तयार कोण?

“चलिए, लाइन में आइए. हाथ नीचे कीजिए. अरे, हाथ नीचे!”

आणि मग आवाज आला, टक. पाटावर टिचकी मारावी तसा.

बाहेर येऊन बघतो तर कोट गोठलेला! दोन्ही हात पसरून, पोट पुढे काढून, लाकडासारखा कडक. खालून विजार, वर टोपी, सगळं जागच्या जागी. धुक्यात तो माझ्यापेक्षा जास्त रुबाबदार दिसत होता, खोटं कशाला सांगू. नेगीजी एकदा त्याच्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. बंगाली बाबूंनी त्याला वाकून नमस्कार केला.

हसणं थांबल्यावर नेगीजी माझ्याजवळ आले. माझे ओठ निळे, दात वाजतायत, अंगावर घोंगडी. ते हळूच म्हणाले, “भाईसाहब, आप नहीं जाएँगे.”

मी वाद घालायला तोंड उघडलं, पण दात वाजायचे थांबले तर ना!

आता सुमन. ती तयार होती. स्वेटर, माकडटोपी, पिवळा रेनकोट. तिच्या पाठीमागे धुकं फाटलं होतं आणि खिंड दिसत होती, पांढरीशुभ्र, अगदी कॅलेंडरसारखी. ती एकदा वर बघायची, एकदा माझ्याकडे.

“मी थांबू का तुमच्याजवळ?” तिने विचारलं.

विचारलं खरं, पण पाय आधीच वरच्या दिशेला वळलेले. मला फार वाईट वाटलं. तिला मी नेणार होतो. सगळ्या धुळ्यासमोर बोललो होतो.

“जा,” मी म्हटलं. “मी कोटाजवळ थांबतो.”

ती गेली. पिवळा ठिपका बर्फात वर वर जात होता, मी बघत होतो. बऱ्याच वेळाने तो ठिपका खिंडीत पोचला, थांबला, आणि उड्या मारायला लागला. तेवढ्या लांबून आवाज काही येणार नव्हता. पण मला माहीत होतं, ती ओरडत असणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बाजूला ऊन लागल्यामुळे कोटही ठिबकत होता. दोघं बसलो होतो.

दुपारी ती परतली, नाक लाल, डोळे चमकतायत. जेवणाच्या डब्यात माझ्यासाठी खिंडीवरचा बर्फ आणला होता. डबा उघडला तर पाणी. मी तेच पिऊन टाकलं.

इथवर ठीक होतं हो. परतीच्या गाडीत मला धुळं आठवलं. नाना! सासरवाडी! शब्द!

“सुमन, नानांना काय सांगशील?”

“जे झालं ते.”

“सगळं?”

“बघू.”

दिल्ली ते जळगाव मला झोप नाही. धुळ्याला दारात पाय ठेवला तर घर भरलेलं. माझ्यासाठी पाट, रांगोळी, मांडे, आमरस, वर तुपाची धार. अख्खी सासरवाडी ओळीने बसलेली, जसा काही मीच हिमालय जिंकून आलोय.

नानांनी घसा खाकरला. गोठ्यात म्हैस दचकली.

“मग पोरी, पोचलीस का वर?”

“पोचले नाना! खिंडीवर उभी राहिले!”

“शाबास! आणि भास्करराव?”

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी मांड्याची घडी मोडत खाली मान घातली. आता ती बोलणार, आणि मी या गावात पुन्हा तोंड दाखवू शकणार नाही.

सुमन माझ्याकडे बघून गोड हसली. पदर नीट केला.

“खरं सांगू नाना? यांच्यामुळेच मी वर पोचले.”

काय सांगू तुम्हाला, छाती एवढी फुगली! बायको असावी तर अशी! चुलत सासऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, मेहुणीने माझ्या पानात आणखी एक मांडा वाढला, नाना तर उठून उभेच राहिले.

“वा भास्करराव! वा! सांग पोरी, काय केलं जावईबापूंनी?”

“हे खाली राहिले.”